पाइप गोठतो कुठे आणि फुटतो कुठे

२९ डिसेंबर २०१८ ला परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान २ अंश सेल्सियस नोंदलं गेलं. मे महिन्यात ४५ च्या पुढे तापणारं हे गाव हिवाळ्यात महाबळेश्वरापेक्षा गार होतं, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. परभणीकरांना ते सवयीचं आहे. डिसेंबर लागला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, शेतावरून हुरड्याची आमंत्रणं येतात आणि सकाळी पेपर उघडला की पहिली नजर पाऱ्याच्या आकड्यावर जाते.

आकडा दोन-तीनवर आला की घरात कुणीतरी विचारतंच: गच्चीवरच्या पाइपात पाणी गोठेल का? परभणीपुरतं उत्तर सोपं आहे. गोठणार नाही. पण हल्ली हाच प्रश्न लोक परभणीबाहेर घेऊन निघाले आहेत. जानेवारीत स्पिती, फेब्रुवारीत लडाख अशा सहली आता मराठवाड्यातूनही होतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं चालतं घर हा विषय आपल्याकडेही बोलला जाऊ लागला. आणि ज्यांची मुलं शिकागोला किंवा टोरंटोला आहेत, ते आईबाप तिथे गेल्यावर मोटारीला मागे जोडलेल्या ट्रेलरमधून फिरून येतात. शेगडी, पलंग, संडास-बाथरूम सगळं बरोबर असलेल्या या घराची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे त्यातल्या पाण्याच्या लाइनी. एका रात्रीच्या थंडीत त्या निकामी होऊ शकतात. दुरुस्तीही अवघड, कारण पाइप भिंतीच्या पॅनेलमागे आणि फरशीखाली दडलेले असतात. थंडीच्या सहलीची यादी करताना आपण जाकिटं, हातमोजे, कानटोप्या लिहितो, पाणी लिहीतच नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात पेपरातल्या आकड्यापासूनच करू. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. त्याला वरून आडोसा असतो आणि खालून हवा मिळते. तो मोजतो त्या उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचं तापमान. कॅरव्हॅनमध्ये बाहेरून पाणी घ्यायची तुमची नळी मात्र जमिनीवर, उघड्या आभाळाखाली पडलेली असते. निरभ्र, वारा नसलेल्या कोरड्या रात्री जमीन आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते. ढग असते तर त्यातली बरीचशी परत मिळाली असती, ढग नसल्याने ती जाते ती जातेच. त्यामुळे गवताचं पातं, पत्रा किंवा प्लास्टिकची नळी ही आजूबाजूच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी थंड होऊ शकते. वेधशाळांमध्ये यासाठी गवताच्या उंचीवर एक वेगळा किमान तापमापकही ठेवतात. त्याचा आकडा बातमीत येत नाही.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात गवतावर, बोटींच्या जेटीवर दव गोठून पांढरं पडतं, त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्या सकाळी शहरातला पारा शून्याच्या बराच वर असतो. तलावाची जागा खोलगट आहे. थंड हवा जड असते, ती उतारावरून ओघळत खाली येऊन साचते आणि वर आभाळ मोकळं असतं. सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूलाही असंच दव गोठतं. तेव्हा मुक्कामाच्या गावाचा अंदाज ‘किमान १ अंश’ दाखवत असला, तरी नदीकाठच्या खोलगट जागेत लावलेल्या गाडीखालची नळी शून्याखाली गेलेली असू शकते. नदीकाठची जागा दिसायला सुंदर असते, पण हिवाळ्यात गाडी थोडी वर, चढावर लावावी. सकाळचं पहिलं ऊन जिथे येतं ती जागा उत्तम.

परभणीतही विद्यापीठाच्या वेधशाळेचा आणि हवामान खात्याच्या केंद्राचा आकडा पुष्कळदा वेगवेगळा असतो. त्यात कुणाची चूक नसते. विद्यापीठाचा परिसर मोकळा, शेतांचा. गावातल्या सिमेंटच्या भिंती दिवसभराची ऊब रात्री सोडत राहतात. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ आणि उत्तरेकडून येणारे गार वारे थांबून रात्र निवांत झालेली, असं सगळं जुळून आलं की परभणी गारठते. याच कारणासाठी कृषी हवामान सल्ल्यात दर हिवाळ्यात सांगितलं जातं की केळी, भाजीपाला आणि फळबागांना रात्री किंवा पहाटे पाणी द्या, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते, पाणी स्वतःही विहिरीतली ऊब घेऊन येतं. धुराचं पांघरूण वर जाणारी उष्णता थोडीफार अडवतं. शेतकऱ्याला ठाऊक असलेलं हे शास्त्र कॅरव्हॅनलाही लागू पडतं.

मग परभणीत पाइप का गोठत नाही? याचं उत्तर वेळेत आहे. आपल्याकडे तापमानाचा तळ सूर्योदयाच्या आसपास येतो आणि तासा-दोन तासांत ऊन वर येऊन तो संपतो. एवढ्या वेळात पाणी गोठत नाही, कारण गोठण्यासाठी त्याला फार मोठी उष्णता गमवावी लागते. एक किलो पाणी १० अंशांवरून शून्यावर आणायला १० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. पण शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करायला आणखी ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. तापमापक जागचा हलत नाही आणि उष्णता मात्र जात राहते. पाण्याची ही सुप्त उष्णता म्हणजे आपलं सर्वांत मोठं संरक्षण आहे. थंडी किती, याच्याबरोबरीने ती किती तास टिकली हे महत्त्वाचं ठरतं ते यामुळे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की कॅरव्हॅनमध्ये आधी काय गोठणार ते उलगडतं. १२ मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळीच्या एका मीटरमध्ये जेमतेम ११३ मिलिलिटर पाणी मावतं. बाहेर उणे १० अंश आणि थोडा वारा असेल, तर अशी उघडी नळी मीटरमागे पाच वॅटच्या आसपास उष्णता गमावते. या वेगाने त्यातलं शून्य अंशाचं पाणी पूर्ण गोठायला साधारण दोन तास पुरतात. त्याच थंडीत गाडीच्या पोटातली १०० लिटरची टाकी पूर्ण गोठायला काही दिवस लागतील. टाकीत पाणी पुष्कळ आणि त्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग थोडा. म्हणून क्रम असा लागतो: बाहेरून पाणी घ्यायची नळी सगळ्यात आधी, मग तिचं गाडीच्या भिंतीतलं तोंड, मग बाहेरच्या भिंतीला चिकटून गेलेले पाइप आणि एल्बो, मग सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, बेसिनखालचा ट्रॅप, आणि टाकी सगळ्यात शेवटी.

पाइपाच्या आत काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. शांत उभं असलेलं स्वच्छ पाणी शून्यावर आलं म्हणजे लगेच बर्फ होत नाही. ते उणे तीन-चार अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली, द्रवच राहू शकतं. मग कुठल्याशा कणाभोवती पहिला स्फटिक धरतो आणि क्षणार्धात पिसांसारख्या पातळ बर्फाच्या पात्यांचं जाळं पाइपभर पसरतं. या वेळी खरं तर पाण्याचा विसावा हिस्साच गोठलेला असतो, पण तेवढं जाळं प्रवाह अडवायला पुरेसं असतं. सकाळी नळ उघडावा आणि थेंब येऊ नये, पाइप मात्र हाताला भरलेला लागावा, ती अवस्था हीच. इथे लक्ष गेलं आणि ऊब दिली तर काहीही नुकसान न होता पाणी पुन्हा सुरू होतं. दुर्लक्ष झालं तर पाइपाच्या भिंतीपासून घट्ट बर्फ आत वाढत जातो आणि पाइप ठार बंद होतो.

पाण्याचा बर्फ झाला की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यावरून आपण समजतो की जिथे बर्फ झाला तिथे पाइप चिरला. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचा बोळा वाढताना पुढच्या पाण्याला ढकलतो. पुढे नळ बंद असेल तर त्या बोळ्यापासून नळापर्यंतचं पाणी कोंडतं. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे दाब प्रचंड वाढतो आणि त्या टप्प्यातला सर्वांत कमजोर सांधा तुटतो. तो सांधा उबदार भागातही असू शकतो. भिंतीतल्या कोपऱ्यात गोठलेलं पाणी स्वयंपाकाच्या ओट्याखालचं फिटिंग फोडतं ते असं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात यावर प्रयोग झाले. उबेचं आवरण नसलेले पाइप थंड माळ्यावर ठेवून पाहिल्यावर बाहेरचं तापमान उणे ७ अंशांच्या आसपास गेलं की धोका सुरू होतो, असं त्यातून पुढे आलं. तो आकडा घरासाठी आहे. कॅरव्हॅनच्या पातळ भिंती आणि खालून मोकळं पोट लक्षात घेता मी तर शून्याच्या अंदाजालाच सावध होण्याचा सल्ला देईन.

दाब कोंडल्याने पाइप फुटतो हे एकदा मनात पक्कं बसलं, की उपायही आपोआप सुचतो. रिकामा पाइप फुटत नाही. हिवाळ्यात लेहमध्ये किंवा स्पितीतल्या काझ्यात गेलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत आणि घरांत थंडीचे महिने नळ बंद ठेवतात, लाइन रिकामी करतात आणि पाणी बादलीतून देतात. खेड्यांमध्ये कोरडे संडास असतात, ज्यांना पाणी लागतच नाही. पर्यटकाला ही गैरसोय वाटते. तिथे रात्री उणे १५ च्या खाली जाणं नवलाचं नाही आणि विजेचा भरवसा नसतो. अशा जागी पाणी पाइपात न ठेवणं हेच शहाणपण त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की भारतातल्या भारतात कॅरव्हॅन घेऊन हिमालयात हिवाळी मुक्काम करायचा असेल, तर त्यांचंच ऐकावं: आतली लाइन निघण्याआधीच कोरडी करावी आणि प्यायचं-वापरायचं पाणी राहत्या जागेत, २० लिटरच्या कॅनमध्ये ठेवावं. माणसं झोपतात ती जागा शून्याखाली जात नाही, तर तिथला कॅनही गोठत नाही.

लाइन कोरडी करणं म्हणजे नुसती टाकी ओतून देणं नव्हे. इथे थोडं बारकाईने पाहायला हवं, कारण नुकसान होतं ते राहून गेलेल्या पेलाभर पाण्याने. आधी टाकीचा खालचा कॉक उघडून टाकी रिकामी करा. मग गाडीच्या पोटाशी, सगळ्या लाइनीच्या सर्वांत खालच्या बिंदूला गरम आणि गार पाण्याचे दोन निचरा कॉक असायला हवेत, ते उघडा. आता आतले सगळे नळ उघडा, म्हणजे वरून हवा शिरेल आणि पाणी खाली उतरेल. एकाच दांडीचा नळ असेल तर दांडी मधोमध ठेवा. एका बाजूला ठेवली तर दुसऱ्या बाजूचं पाणी अडकून राहतं. गिझर पूर्ण गार झाल्यावरच त्याचं खालचं बूच काढायचं, गरम असताना हात लावायचा नाही. पंप काही सेकंद कोरडा चालवा, म्हणजे त्याच्या पडद्यामागचं पाणी निघून जाईल. पंपाच्या तोंडाशी जाळीची एक छोटी पारदर्शक वाटी असते, ती खोलून झटका. ही वाटी तडकण्याचं प्रमाण फार आहे, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

आपल्या पद्धतीच्या कॅरव्हॅनमध्ये आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे संडासातला जेट स्प्रे. त्याची लवचीक नळी भिंतीवरच्या हुकाला टांगलेली असते आणि मधे झोळासारखी लोंबते. त्या झोळात पाणी राहतंच. ती काढून खाली सोडा, दांडी दाबून रिकामी करा. दुसरी जागा आरओ किंवा यूव्हीचा फिल्टर. त्याचा प्लास्टिकचा पेला पाण्याने पूर्ण भरलेला असतो आणि गोठला की तळाशी चिरतो. पेला उघडून पाणी ओता, आतलं काडतूस काढून घ्या.

एवढं करूनही आडव्या पाइपांत थोडं पाणी उरतं. ते काढायला गाडीच्या पाणी घ्यायच्या तोंडाला कॉम्प्रेसर जोडून हवा मारतात. दाब मोटारीच्या चाकात भरतो तेवढाच पुरे, ४० पीएसआयच्या वर जाऊ नये, नाहीतर बर्फाने व्हायचं नुकसान हवेनेच होईल. एका वेळी एकच नळ उघडा. आधी पाणी येईल, मग तुषार, मग कोरडी हवा. कोरडी हवा आली की तो नळ बंद करून पुढचा. ठिबकच्या लॅटरलची एंड कॅप काढून नळी फ्लश करणारा शेतकरी हे काम कुठल्याही शहरी माणसापेक्षा लवकर शिकेल. राहतात ते बेसिन आणि मोरीखालचे ट्रॅप. त्यातलं पाणी दुर्गंधी अडवण्यासाठी मुद्दाम असतं, ते हवेने जात नाही. अमेरिका-कॅनडात त्यासाठी गुलाबी रंगाचा, प्रॉपिलीन ग्लायकॉलचा गोठणरोधक मिळतो, तो कपभर ओततात. त्याऐवजी मोटारीच्या रेडिएटरमधला कूलंट कधीही वापरू नका. तो सहसा एथिलीन ग्लायकॉलचा असतो. ते विष आहे आणि चवीला गोड लागतं, म्हणून मुलांना आणि जनावरांना त्याचा फार धोका. ट्रॅप उघडून रिकामा करा आणि भोकाला बूच लावा, झालं.

ज्यांना मुक्कामात वाहतं पाणी हवंच असेल, त्यांचं गणित वेगळं. तिथे उष्णता लागते. गोधडी अंगाला ऊब देत नाही, अंगातली ऊब राखते. पाइपावर चढवलेली काळी फोमची नळीही तसंच करते. आत उष्णतेचा उगम नसेल तर नुसतं आवरण गोठणं पुढे ढकलतं, टाळत नाही. परभणीसारख्या दोन तासांच्या थंडीला पुढे ढकलणं पुरतं. स्पितीच्या बारा तासांच्या रात्रीला पुरत नाही.

उष्णता आणायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे गाडीतल्या हीटरची गरम हवा टाकीच्या आणि पाइपांच्या कप्प्यात खेळती ठेवणं. थंड देशांसाठी बांधलेल्या ट्रेलरमध्ये पोटाखाली बंदिस्त पत्रा आणि त्यात गरम हवेची नळी मुळातच असते. आपल्याकडे डिझेलवर चालणारे छोटे हीटर बसवून घेतात, त्यांची एक फाटी पाण्याच्या कप्प्याकडे वळवायला सांगा. रात्री ओट्याखालची आणि बेसिनखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोहोचेल. या साध्या गोष्टीने कितीतरी पाइप वाचतात. दुसरा मार्ग विजेची गरम होणारी पट्टी पाइपाला लावणं. ती स्वतःवर आडवी-उभी गुंडाळू नये, तिथे तापून जळते. आरसीसीबीशिवाय तर लावूच नये. पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब देण्यासाठी जुना तारेचा बल्ब लावतात, तसा बल्ब टाकीच्या कप्प्यातही चालतो, कारण त्याची बहुतेक वीज उष्णताच होते. एलईडी त्या कामाचा नाही.

वारा आणखी मोठा शत्रू. चाकांमधून गाडीच्या पोटाखाली सतत वाहणारा वारा उष्णता ओढून नेतो. ट्रेलर एका जागी आठवडाभर उभा राहणार असेल तर सभोवती जमिनीपर्यंत कापडाची, फोमच्या पाट्यांची किंवा चक्क बर्फाची झालर करतात. दोन रात्रींच्या मुक्कामाला एवढा खटाटोप नको, गाडीची अरुंद बाजू वाऱ्याकडे करून लावली तरी फरक पडतो. बाहेरची नळी जोडून ठेवू नका. टाकी भरून घ्या, नळी सोडा, झटकून रिकामी करून आत ठेवा आणि रात्रभर टाकीतलंच पाणी पंपाने वापरा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि टाकी भरली की एकदम सोडा. उघडा ठेवलात तर ठिबकणारं पाणी नळीत थरावर थर गोठत जातं आणि सकाळी ती नळी दगडासारखी होते. नळ बारीक धारेने चालू ठेवायचा उपाय घरात चालतो, कारण वाहतं पाणी जमिनीखालची ऊब घेऊन येतं. कॅरव्हॅनमध्ये टाकी रिकामी होते आणि सांडपाण्याची भरते, म्हणून तो कामाचा नाही.

हीटर चालेल या भरवशावर निघालेल्यांनी इंधनाचाही विचार करावा. आपल्याकडचा घरगुती गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच द्रव राहतं. त्यामुळे कडक थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी मिणमिणते. साधं डिझेलही थंडीत मेणासारखं दाटतं. म्हणून तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. वर जाताना टाकीतलं खालचं डिझेल संपवून तिकडच्या पंपावर भरावं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर ती शून्याखाली असताना चार्ज करू नये, कायमची खराब होते. ती राहत्या जागेत ठेवावी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पाइप वाचवायच्या नादात बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची जळती शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कॅरव्हॅनची खोली त्याहून लहान आणि त्याहून बंदिस्त. ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर सोडणारा हीटर हवा आणि शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. फुटलेला पाइप बदलता येतो.

सगळी काळजी घेऊनही सकाळी पाणी आलं नाही, तर घाई करू नका. पहिलं काम म्हणजे पंप बंद करणं आणि त्या लाइनीचा नळ उघडा ठेवणं, म्हणजे वितळणाऱ्या पाण्याला वाट मिळेल. मग नळाकडून सुरुवात करून मागे मागे जात ऊब द्या: हेअर ड्रायर, गरम पाण्यात पिळलेलं फडकं, किंवा नुसतं हीटर वाढवून कपाटं उघडी टाकणं. मधूनच सुरुवात केली तर दोन्हीकडे बर्फ आणि मधे वाफाळतं पाणी अशी कोंडी होते. उकळतं पाणी ओतू नका. दिवटी, लायटर, ब्लोलँप यांना हात लावू नका. पाइप प्लास्टिकचा आहे आणि भिंत लाकडाची. पाइप फुटला असेल तर तो गोठलेला असताना कळत नाही, बर्फच त्याचं बूच झालेला असतो. पाणी सुरू झाल्यावर पंपाचा आवाज ऐका. सगळे नळ बंद असताना पंप थांबून थांबून पुन्हा चालू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

परदेशातल्या आपल्या माणसांनी हे सगळं घरासाठीही लक्षात ठेवावं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, लाखो घरांची वीज गेली आणि ठिकठिकाणी पाइप फुटले. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनमध्ये मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली, पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले. मिनेसोटात असली थंडी दर हिवाळ्यात पडते आणि घरं टिकतात, कारण तिथे पाइप आतल्या भिंतीतून नेतात. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असणं, ही त्या आठवड्यात सगळ्यात मोलाची माहिती ठरली असती.

आपल्याकडच्या कॅरव्हॅनचंही टेक्सासच्या घरांसारखंच आहे. त्या उकाड्यासाठी बांधल्या जातात, एसीचा विचार आधी होतो, आणि ते साहजिक आहे. पण गाडी एकदा रस्त्यावर आली की ती परभणीतच राहणार नाही. म्हणून कॅरव्हॅन बांधून घेणाऱ्यांनी आणि भाड्याने घेणाऱ्यांनीही ताबा घेण्याआधी गाडीखाली वाकून पाहावं: सर्वांत खालच्या बिंदूला निचरा कॉक आहेत का, ते हाताने उघडता येतात का, पाइप बाहेरच्या भिंतीतून नेले आहेत की आतून. कॉक नसतील तर बसवून मागा. बांधणीच्या वेळी ते दोन कॉक अर्ध्या तासात बसतात. पॅनेलं चढल्यावर मात्र त्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते.